बिनशिक्क्याचा आवाज

आठवी ब च्या वर्गात, तिसऱ्या तासाला, येमूल बाईंचा आवाज वाक्याच्या मधोमध बंद पडला.

"दोन समांतर रेषांना एक छेदिका छेदते, तेव्हा होणारे संगत कोन एकमेकांशी..." इथवर झालं होतं. 'एकरूप' हा शब्द राहिला. त्याच्या जागी टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून दुसराच एक आवाज आला. गोड, घाई नसलेला, कुणाचाच नसलेला.

"या यंत्राची सेवा-मुदत संपली आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी आवाज थांबवण्यात आला आहे. कृपया जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधा."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. अन्नपूर्णा येमूल लॅपटॉपकडे बघत राहिली. तिने पुन्हा तोंड उघडलं, जीभ हलवली, ओठ हलवले. काही नाही. पडद्यावर निळी चौकट आणि तेच वाक्य. तिने लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. चौकट परत आली.

पन्नास मुलं तिच्याकडे बघत होती. ती फळ्याकडे वळली आणि 'एकरूप' लिहिलं. खडू इतका दाबला गेला की त्याचे दोन तुकडे झाले. उरलेला तास तिने फळ्यावर लिहूनच घेतला.

ही गोष्ट २०३८ सालची, सोलापुरातली. अन्नपूर्णा तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. साखर पेठेतल्या एका शाळेत ती पंचवीस वर्षं गणित शिकवत होती. नऊ वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगात तिचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जन्मात तिने तंबाखूला हात लावला नव्हता, तरी लोक विचारायचेच. त्यांना उत्तर द्यायलाही तिच्याकडे आवाज नव्हता. तो तिला कंठिकेने परत दिला.

कंठिका म्हणजे गळ्यात हारासारखी बसणारी एक मऊ पट्टी. आपण बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूकडून जिभेला, जबड्याला, मानेच्या स्नायूंना विजेचे अगदी क्षीण संदेश जातात. स्वरयंत्र काढलं तरी हे संदेश जायचे थांबत नाहीत. मेंदू बोलतच असतो, फक्त खाली वाजायला काही उरलेलं नसतं. पट्टी हे संदेश टिपते आणि लॅपटॉपकडे पाठवते. लॅपटॉपमधला प्रोग्रॅम कुठल्या संदेशाचा 'क' आणि कुठल्याचा 'ख' हे शिकलेला असतो. तो ओळखलेले उच्चार त्या माणसाच्या मूळ आवाजाच्या साच्यात ओततो. हे सगळं इतक्या झटकन होतं की ऐकणाऱ्याला माणूसच बोलतोय असं वाटतं.

साचा बनवायला मूळ आवाज लागतो. शस्त्रक्रियेआधी अकरा दिवस अन्नपूर्णा पंखा बंद करून घरात बसली होती आणि मायक्रोफोनसमोर बोलत होती. भूमितीची प्रमेयं, भावंडांची भांडणं, भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत, जे सुचेल ते. बावीस तास. शेजारी तिची अम्मा बसून होती. "गरम होतंय, पंखा लाव," असं ती तेलुगूत म्हणायची, तेही काही ठिकाणी रेकॉर्ड झालं होतं. त्या बावीस तासांतून जो साचा निघाला त्यात अन्नपूर्णेचा किंचित खरखरीत सूर होता, तिचा ठासून उच्चारलेला 'ळ' होता, घरातल्या तेलुगूचा हेलकावा होता. पहिल्यांदा तो आवाज निघाला तेव्हा अम्मा रडली नव्हती. "आता हिला गप्प करा कुणीतरी," असं ती म्हणाली होती.

कंठिका तिला तिच्या भावानेच बसवून दिली होती. श्रीनिवास तिच्याहून सहा वर्षांनी लहान. नवी पेठेत त्याचं वैद्यकीय उपकरणांचं दुकान होतं आणि संपूर्ण जिल्ह्यात कंठिकेची एजन्सी त्याच्याकडेच होती. शाळा सुटल्यावर अन्नपूर्णा लॅपटॉप घेऊन तडक तिथे गेली.

श्रीनिवासने निळी चौकट बघितली आणि मान खाली घातली. म्हणजे त्याला माहीत होतं.

तिने वहीत लिहिलं, "कधीपासून माहीत होतं?"

"दोन महिने," तो म्हणाला. "कंपनीचं पत्र आलं होतं. आठ वर्षांहून जुने सगळे लॅपटॉप बंद करणार आहेत. मला वाटलं, तुझ्या मशीनचा नंबर इतक्यात लागणार नाही."

"बिघडलाय का?"

"नाही ग. बिघडला काहीच नाही. त्यातली सिस्टीम जुनी झाली. ते आता तिला शिक्का देत नाहीत."

शिक्का कशासाठी हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. काही वर्षांपूर्वी लोकांचे आवाज चोरून फसवणुकीचे फोन करण्याची लाट आली होती. मुलाच्या आवाजात आईला, साहेबांच्या आवाजात कारकुनाला फोन यायचे. म्हणून कायदा झाला. यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक आवाजात, माणसाच्या कानाला कळणार नाही अशी एक बारीक खूण असलीच पाहिजे. फोन, बँका, सरकारी कचेऱ्या ती खूण तपासतात. खूण नसलेला यंत्राचा आवाज बनावट. कायदा वाईट नव्हता. फक्त तो शिक्का कुणाच्या हातात असावा हे ठरवताना ज्यांना त्याची गरज होती त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिक्का कंपनीच्या हातात गेला. दर महिन्याला कंपनी तो नवा करायची. जिथे तिला करायचा नसेल तिथे करायची नाही.

श्रीनिवासने कपाटातून एक नवंकोरं यंत्र काढलं. पाटीसारखं सपाट, कुठे जोड नाही, कुठे स्क्रू नाही. "हे घे. घरची म्हणून तुला आधी देतो. जुना लॅपटॉप मात्र जमा करावा लागतो. ते चुरा करतात त्याचा."

"आणि माझा आवाज?"

तो नव्या यंत्रावरून उगाच फडकं फिरवू लागला, तेव्हाच तिला कळलं.

"जुना साचा यात चालत नाही, अक्का. याला नव्या पद्धतीचं रेकॉर्डिंग लागतं. म्हणजे मूळ गळ्यातून..." तो थांबला. "पण त्यांनी सात आवाज दिलेत. ऐक की. छान आहेत."

त्याने बटण दाबलं. सकाळी वर्गात आलेलाच तो गोड आवाज. "नमस्कार. मी अन्नपूर्णा. मुलांनो, फल्याकडे बघा."

फल्याकडे. त्या आवाजाला 'ळ' येत नव्हता.

अन्नपूर्णेने वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, वही त्याच्या तोंडासमोर धरली: "ही कोण बाई?"

"अक्का, निदान बोलता तरी येईल तुला!"

तिने लॅपटॉप उचलला, पिशवीत घातला आणि ती दुकानाबाहेर पडली. रस्त्यावर तिला इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी आलं. रडण्याचं नव्हे, रागाचं. बिघडलेली वस्तू बंद पडते हे तिला समजत होतं. पण इथे काहीच बिघडलं नव्हतं. तिचा आवाज त्या डबीत जसाच्या तसा होता, आणि दूर कुठेतरी बसलेल्या कुणीतरी एका यादीवर खूण करून त्याच्यावर झाकण घातलं होतं. वर म्हणे, आपल्या सुरक्षिततेसाठी.

चार दिवस ती शाळेत फळ्यावर लिहून शिकवत होती. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, ती विजापूर वेशीजवळच्या वाचनालयात मेहरुन्निसा बागवान यांच्याकडे गेली. मेहरून मॅडम सदुसष्ट वर्षांच्या. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या एक टेबल मांडत, आणि लोक टाकून द्यायच्या वस्तू त्यांच्याकडे घेऊन येत. शाळेच्या संगणक कक्षातले वीस जुनाट संगणक त्यांनीच 'घेटुळी'वर चालते ठेवले होते.

घेटुळी ही संगणकाची फुकट मिळणारी सिस्टीम होती. जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेली, तिच्यातली ओळ न् ओळ कुणालाही वाचता, बदलता येईल अशी. या भागातल्या मंडळींनी ती मराठीत आणली आणि तिला शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एका भाजीचं नाव दिलं. वरून वाळून गेली तरी मुळातून पुन्हा फुटते ती घेटुळी. मोठ्या कंपन्यांच्या सिस्टीम वर्षागणिक जड होत गेल्या, त्यांना नवी नवी यंत्रं लागायची. घेटुळी जुन्या यंत्रावर हलकी चालायची.

मॅडमनी वहीतला सगळा मजकूर शांतपणे वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"चुरा करायला मागितला? त्यांनी?"

अन्नपूर्णेने मान हलवली.

"लाजा वाटत नाहीत." मॅडमनी लॅपटॉप उलटा केला. "तुझं नशीब की हा जुना आहे, अन्नपूर्णा. यात काय असतं सांगते. यंत्र सुरू होताना एक चिप आधी विचारते, कुठली सिस्टीम चालवायची? कंपनीची सही असेल तीच चालू देते. नव्या यंत्रांत तेवढंच. पण जुन्या यंत्रांत बॅटरीच्या खाली एक स्क्रू असायचा. तो काढला की चिप समजते, मालक स्वतः आलाय. मग ती मालकाचं ऐकते. नव्यांत तो स्क्रूच ठेवला नाही. मालकच ठेवला नाही म्हण."

त्यांनी मागचं झाकण उघडलं, बॅटरी बाजूला केली. आत एक स्क्रू होता. तिळाएवढा.

"एक विचारते. साच्याच्या फाइलला तू तेव्हा पासवर्ड दिला होतास का? तो आठवत नसेल तर मी काही करू शकत नाही. आणि हे करताना वीज गेली तर डिस्क कोरी होऊ शकते. साच्याची दुसरी प्रत नाही ना कुठे?"

प्रत काढायची सोय कंपनीने दिलीच नव्हती. अन्नपूर्णेने वहीत पासवर्ड लिहिला. मग खाली लिहिलं, "करा."

पाऊण तास लागला. आधी डिस्कची एक प्रत निघाली, मग छोट्या पेनड्राइव्हवरून घेटुळी आत गेली, मग कंठिकेची पट्टी वाचणारा प्रोग्रॅम. तोही अशाच कुणीतरी लिहिलेला. लिहिणाऱ्याने वर टीप टाकली होती, 'माझ्या वडिलांसाठी केला, तुम्हीही वापरा.' पासवर्ड टाकल्यावर साच्याची फाइल उघडली. मॅडमनी पट्टी अन्नपूर्णेच्या गळ्यात बांधली.

पहिला आवाज निघाला तो लांबट, पाण्याखालून आल्यासारखा. मॅडमनी एक आकडा बदलला. मग तो भरभर, चिमणीसारखा आला. आणखी एक आकडा. मग अचानक खोलीत तो आवाज आला. खरखरीत, ठासून.

"मॅडम, मला पाणी द्या हो. घसा कोरडा पडलाय."

मग मेहरून मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. अन्नपूर्णा तासभर नुसती बोलत सुटली. कंपनीला तिने त्या तासात जे जे म्हटलं ते शाळेतल्या मुलांनी ऐकलं असतं तर तिची नोकरी गेली असती.

शाळेत सगळं पूर्ववत झालं. अडचण आली ती संध्याकाळी सात वाजता.

अम्मा श्रीनिवासकडे राहायची. वय ब्याऐंशी. डोळ्यांनी दिसत नाही म्हणण्याइतकं कमी दिसायचं. रोज सात वाजता अन्नपूर्णा तिला फोन करायची. त्या संध्याकाळी अम्माने फोन उचलला. अन्नपूर्णा म्हणाली, "अम्मा, मी बोलतेय..." आणि मध्येच ध्वनिफीत वाजली. "सावधान. या कॉलमध्ये बनावट आवाज आढळला आहे. कॉल बंद करण्यात येत आहे."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिचा नंबरच बंद झाला.

ती रिक्षा करून भावाच्या घरी गेली. अम्मा पलंगावर बसून होती, हातात फोन घट्ट धरून. "कुणीतरी चोर तुझा आवाज काढून फोन करतोय," ती घाबरून म्हणाली. "फोनच सांगतोय."

"अम्मा, मीच होते ती."

अम्माने तिचा चेहरा चाचपला. "मग फोन खोटं का बोलतोय?"

अन्नपूर्णेने तो हात धरून ठेवला. पुढे कित्येक दिवस अम्मा तिचा आवाज ऐकला की आधी हात पुढे करायची. चेहरा हाताला लागेपर्यंत तिला भरवसा वाटायचा नाही. एवढी वर्षं जो आवाज तिच्या अंगणात ओरडत मोठा झाला होता, त्याच्याबद्दल एका यंत्राने तिच्या मनात संशय घातला होता.

आठवड्याने नोटिसा आल्या. एक अन्नपूर्णेला, आवाज प्रमाणन कार्यालयाकडून. 'अनधिकृत सिस्टीम वापरून शिक्का नसलेला कृत्रिम आवाज निर्माण केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?' दुसरी श्रीनिवासला, कंपनीकडून. त्याने विकलेल्या यंत्रात छेडछाड झाली होती. त्याने सुनावणीत कंपनीतर्फे तशी साक्ष द्यावी, नाहीतर एजन्सी रद्द.

तो नोटीस घेऊनच तिच्या घरी आला.

"मला विचारायचं तरी होतं की, अक्का!"

"तू मला विचारलं होतंस? दोन महिने पत्र खिशात घेऊन फिरलास."

"माझं दुकान चालतं त्या एजन्सीवर. तीन माणसं कामाला आहेत. घरी अम्मा आहे. तू एक सही कर, लॅपटॉप जमा कर, ते प्रकरण मिटवतात. मी बोललोय त्यांच्याशी."

"आणि मी त्या बाईच्या आवाजात बोलू? मरेपर्यंत?"

"काय फरक पडतो ग? शब्द तर तुझेच असणार!"

अन्नपूर्णेने त्याच्या हातातली नोटीस बाजूला सारली. मग हळू म्हणाली, "श्रीनिवास, उद्या अम्माच्या पलंगावर दुसरी एखादी म्हातारी आणून बसवली, आणि सांगितलं की ही जास्त हसतमुख आहे, तर चालेल तुला?"

तो उठला आणि चप्पल घालून निघून गेला. साक्ष देणार की नाही, हे त्याने सांगितलं नाही.

सुनावणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता होती. लांबट खोली, भिंतीवर एक मोठा पडदा. हल्ली तिथे लेखनिक नसायचा. जो जे बोलेल ते नोंदयंत्र आपोआप लिहून पडद्यावर दाखवायचं आणि तीच अधिकृत नोंद. उपनिबंधक लोकापुरे साहेब मध्ये बसले होते. एका बाजूला कंपनीच्या वकीलबाई, त्यांच्या मागे श्रीनिवास. दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा आणि तिच्यासोबत मेहरून मॅडम.

वकीलबाईंनी थोडक्यात मांडलं. आवाजाचा साचा ही कंपनीची निर्मिती आहे. तो वापरण्याची परवानगी मुदतीपुरती होती. ती संपली. शिवाय शिक्का नसलेला आवाज समाजाला धोकादायक आहे. त्यांचं वाक्य न् वाक्य पडद्यावर उमटत गेलं.

"जाबदारांनी आपलं म्हणणं मांडावं," लोकापुरे म्हणाले.

अन्नपूर्णा उभी राहिली. ती अकरा मिनिटं बोलली. तिने बावीस तासांच्या रेकॉर्डिंगचं सांगितलं, फळ्यावर लिहून शिकवलेल्या तासांचं सांगितलं, अम्माच्या हातांचं सांगितलं. खोलीतल्या प्रत्येकाला ते स्वच्छ ऐकू येत होतं. वकीलबाईंनी तर एकदा खिडकीकडे तोंड फिरवलं. बोलून झाल्यावर अन्नपूर्णेने पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर एकच ओळ होती. 'जाबदार निरुत्तर राहिल्या.'

"हे काय आहे?" ती म्हणाली. पडद्यावर काही उमटलं नाही.

लोकापुरे अवघडले. "यंत्र बिनशिक्क्याचा आवाज नोंदवत नाही, बाई. तशी रचनाच आहे. तुम्ही लेखी द्या ना."

"साहेब, तुम्ही ऐकलं की नाही मी बोललेलं?"

"मी ऐकलं हो. पण नोंदीत..."

"तुम्ही ऐकलंत, यांनी ऐकलं, दारातल्या शिपायाने ऐकलं. आणि हे कागद म्हणणार की मला उत्तर सुचलं नाही? पंचवीस वर्षं मी मुलांना उत्तरं द्यायला शिकवतेय! मी लेखी देणार नाही. मला बोलता येतं. यंत्राला ऐकता येत नाही तो माझा गुन्हा कसा?"

मेहरून मॅडम ताडकन उठल्या. "मी सांगते यांच्या वतीने. लिहा."

हे मात्र पडद्यावर उमटलं. लोकापुरेंनी नियमाचं पुस्तक चाळलं. "तोंडी निवेदन स्वतःला किंवा रक्ताच्या नातेवाइकालाच करता येतं. माफ करा."

मग मागच्या खुर्चीचा आवाज झाला. श्रीनिवास उभा राहिला होता. हातात कंपनीने लिहून दिलेला साक्षीचा कागद होता. तो त्याने घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि पुढे येऊन बहिणीच्या शेजारी उभा राहिला.

"मी सख्खा भाऊ आहे," तो म्हणाला. "अक्का, बोल. एकेक वाक्य बोल."

वकीलबाई उठल्या. "साहेब, हे आमचे साक्षीदार आहेत!"

"होते," श्रीनिवास म्हणाला. तेही पडद्यावर उमटलं.

अन्नपूर्णा पहिल्यापासून सुरू झाली. ती एक वाक्य बोलायची, थांबायची, मग तो तेच वाक्य बोलायचा, तिच्याच शब्दांत, 'मी' म्हणत. "मी अन्नपूर्णा मल्लय्या येमूल, गणिताची शिक्षिका." पडद्यावर अक्षरं येऊ लागली. "साचा त्यांनी बनवला असेल. त्यात ओतलेलं सगळं माझं आहे." "माझ्या आवाजाची मुदत ठरवणारे हे कोण? शिक्का माझ्या हातात द्या." सुरुवातीला तो खाली बघून, पाठ म्हटल्यासारखं बोलत होता. हळूहळू त्याचा आवाज चढत गेला. तिच्या रागाची वाक्यं तोंडातून काढता काढता तो राग त्याचाही होत चालला होता.

मग ती म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावाला दोन महिने आधी हे माहीत होतं. त्याने मला सांगितलं नाही."

श्रीनिवास थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने नजर हलवली नाही, आणि पुढचं वाक्यही घेतलं नाही. ती वाट बघत उभी राहिली.

"माझ्या सख्ख्या भावाला," तो म्हणाला, "दोन महिने आधी हे माहीत होतं." त्याने नजर पडद्याकडे वळवली. "त्याने मला सांगितलं नाही. त्याने मला परका आवाज ऐकवला आणि छान आहे म्हणाला."

शेवटचं वाक्य अन्नपूर्णेने बोललेलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, "हे निवेदन आहे की साक्ष?"

"दोन्ही लिहिलं जातंय," लोकापुरे म्हणाले. "चालू द्या."

अर्ध्या तासाने ते संपलं. पडदा वरपासून खालपर्यंत भरला होता.

दीड महिन्याने निकाल आला. दंड नाही. जुना लॅपटॉप आणि त्यातला साचा मालकाच्या ताब्यात राहील. स्क्रू काढणं हा गुन्हा नाही. पण शिक्का स्वतःकडे मिळावा ही मागणी धोरणाची बाब असल्याने ती वरच्या कार्यालयाकडे विचारार्थ पाठवली आहे. तोवर तो आवाज 'चार भिंतींच्या आत, समोरासमोर' वापरायला हरकत नाही. फोनवर नाही, बँकेत नाही, कचेरीत नाही. श्रीनिवासची एजन्सी त्याच आठवड्यात गेली. दुकानावरची पाटी उतरवायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा श्रीनिवासने त्याला शिडी दिली आणि दुकानातल्या तिघांपैकी कुणाला कमी करायचं याचा विचार करत बसला.

त्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मेहरून मॅडम म्हणाल्या, "काहीतरी मिळालं. पहिल्याच फेरीत एवढं मिळत नाही."

अन्नपूर्णेने निकालाचा कागद टेबलावर आपटला. "चार भिंतींच्या आत! बायकांना पूर्वी असंच सांगायचे ना? मी काय घरात बोलायची परवानगी मागायला गेले होते?"

श्रीनिवास दाराशी उभा होता. रविवार असूनही त्याच्या काखेत दुकानातली जाड वही होती. त्याने ती टेबलावर उघडली. कंठिका घेतलेल्या सगळ्यांची नावं त्यात होती, पत्त्यांसकट. पंढरपूर रोडवरचा एक ट्रक ड्रायव्हर, बार्शीचे निवृत्त पोस्टमास्तर, मंगळवेढ्याची एक नर्स. त्रेचाळीस माणसं.

"यातल्या एकोणतीस जणांच्या मशीन गेल्या पंधरा दिवसांत बंद पडल्यात," तो म्हणाला. "मीच विकल्या होत्या. त्यातल्या चौदा जणांनी जुना लॅपटॉप जमाही केला. त्यांचं आता काही होत नाही. बाकीच्यांकडे मी जातो. पण चुऱ्याला द्यायच्या आत गाठायला पाहिजे."

मेहरून मॅडमनी मांडीवर ठेवलेला स्क्रूड्रायव्हरचा डबा त्याच्याकडे सरकवला.

अन्नपूर्णेने कोरा कागद ओढला. "आधी अर्ज. वरच्या कार्यालयात आजच जाऊ दे. तू लिही, तुझं अक्षर बरं आहे."

"अर्जदार म्हणून कुणाचं नाव घालू? तुझं?"

"सगळ्यांची. त्या चौदा जणांचीही. त्यांची आधी."

श्रीनिवासने पेन उघडलं. अन्नपूर्णेने वही स्वतःकडे ओढली आणि पहिल्या नावावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचलं. मग दुसरं. वाचनालयाच्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणारे लोक माना वर करून ऐकू लागले. कुणीतरी दार लावायला उठलं.

"राहू दे उघडं," ती म्हणाली, आणि तिसरं नाव घेतलं.